अक्षराचं वळण
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेलं भाषण)



कमिटीने मला पाच मिनिटं दिली आहेत. बत्तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईची एवढ्यात नुसती हजेरी घेऊन होते! तरी प्रयत्न करते.

परवा बी विंगमधल्या एका सूनबाईंनी विचारलं, "मावशी, मुलांना अजून चार रेघी वहीत कर्सिव्ह गिरवायला लावतात. पुढे सगळं कीबोर्डवरच करायचं, मग हा जाच कशाला?"

प्रश्न रास्त आहे. फिनलंडने २०१६ पासून जोडून लिहायला शिकवण्याची सक्ती काढली. उलट अमेरिकेत कॅलिफोर्नियाने २०२४ पासून पहिली ते सहावीला ते पुन्हा सुरू केलं. म्हणजे जाणत्यांचंही एकमत नाही.

आपण हा अनुभव आधीच घेतलाय. मोडी म्हणजे आपलं कर्सिव्हच. आधी आडवी रेघ ओढायची आणि मग बोरू शक्यतो न उचलता भराभर लिहीत जायचं. पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे ढीग आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यावर शाळांतून मोडी गेली. माझ्या सासऱ्यांच्या जमिनीचं जुनं खरेदीखत मोडीत होतं. घरात तीन पदवीधर, पण वाचता एकालाही येईना! शेवटी जाणकाराला पैसे देऊन ते बाळबोधीत उतरवून घेतलं. आजेसासऱ्यांची सही कुठली, हेसुद्धा परक्या माणसाने बोट ठेवून दाखवलं.

आता माझी चूक सांगते. वर्गात एक मुलगा होता. तोंडी विचारलं की धडाधड उत्तरं द्यायचा, अक्षर मात्र कोंबडीचे पाय. मी मार्क कापले, एकेक पान दहादा लिहून घेतलं. हळूहळू त्याने हात वर करणंच सोडलं. आज माझ्या नातवाला लेखनाचीच अडचण आहे, असं तपासणीत निघालं. अशा मुलांना बोर्ड जादा वेळ देतं, लेखनिक देतं. हे कळलं त्या रात्री मला तो मुलगा आठवत राहिला.

म्हणून माझं मत असं, की अक्षराचे मार्क कापू नयेत, पण अक्षर सोडूही नये. जोडून लिहिलेलं वाचता यावं. लिहिताना ज्याला जे सुटसुटीत वाटेल ते. हाताने टिपण काढताना सगळं उतरवणं जमत नाही, नेमकं तेवढं निवडावं लागतं. निम्मा अभ्यास तिथेच होतो.

आपल्या पहिल्या सभेचं इतिवृत्त तेव्हाच्या सेक्रेटरींनी शाईच्या पेनाने लिहिलंय. ते पाहून एका चिमुरडीने मला विचारलं, "आजी, ही कुठली भाषा?"

तेव्हा दर रविवारी सकाळी दहाला सोसायटीच्या ऑफिसात या. घरातलं एखादं जुनं पत्र आणा, आपण मिळून वाचू. मार्क कुणालाच मिळणार नाहीत.