काचेतील समुद्र : खडक आणि शेवाळ



स्मृतिव्याख्यानात साहित्य, समाज वा शिक्षण यांवर बोलण्याचा प्रघात आहे. घरातल्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यपेटीत खडक कसे रचावेत आणि शेवाळ कसे आवरावे, हा विषय त्या पंक्तीतला नव्हे असे कोणाला वाटेल. परंतु पार्शाला शापोरा नदीचे भरती-ओहोटीचे पाणी परके नाही. आगरवाड्याची मिठागरे शेजारची आणि हरमलचे खडकही फार दूर नाहीत. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांच्या विद्यार्थ्यांसमोर हा विषय मांडण्यास मला संकोच वाटत नाही.

1850 च्या सुमारास लंडनमधील रसायनज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी काचपात्रात सोनमासे आणि पाणवनस्पती ठेवल्या. पाने कुजू लागली, काचेवर हिरवा थर चढला. तेव्हा त्यांनी पात्रात गोगलगायी सोडल्या आणि पाणी निवळले. मासा, वनस्पती आणि शेवाळ खाणारा जीव हे तिघे एकमेकांना सांभाळतात, हा या विद्येचा पहिला धडा. 1854 साली फिलिप गॉस यांचे ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक आले आणि इंग्लंडमध्ये घरोघरी समुद्र ठेवण्याची लाट उसळली. तिचे फळ काय? हौशी लोकांनी किनाऱ्यावरील खडकांतली डबकी ओरबाडून रिकामी केली. गॉस यांचे पुत्र एडमंड यांनी 1907 मध्ये त्याविषयी मोठ्या खेदाने लिहिले.

म्हणून खडकाविषयी पहिली गोष्ट सांगतो ती रचनेची नव्हे, तर तो कोठून आणावा याची. समुद्रातील जिवंत खडक, म्हणजे जीवाणू व सूक्ष्म प्राणी वसलेला सच्छिद्र प्रवाळी दगड, वापरून पाणी शुद्ध राखण्याची नैसर्गिक पद्धत जकार्ताचे ली चिन एंग यांनी 1961 मध्ये मांडली. पद्धत उत्तम, पण आपल्या देशात 2001 पासून प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वरच्या श्रेणीचे संरक्षण आहे. मालवणचा किंवा ग्रांदी बेटाजवळचा प्रवाळ घरी आणणे हा गुन्हा आहे, आणि माझ्या मते कायदा नसता तरी ते करू नये. कोरडा, सच्छिद्र चुनखडीचा किंवा भट्टीत भाजून केलेला कृत्रिम दगड घ्यावा; महिना-दीड महिन्यात त्यात जीवाणू वसतात. आपला जांभा हाताशी असला तरी येथे चालायचा नाही. तो झिजून माती सोडतो आणि त्यात चुना जवळजवळ नसतो.

आगरवाड्याचे मीठही पाण्यात कालवून समुद्र होत नाही. मिठागरात पाणी आटताना चुन्याचे क्षार आधीच तळाशी बसतात, मीठ नंतर धरते, आणि मॅग्नेशियम बहुतांशी उरलेल्या कडू पाण्यात राहते. तेव्हा मत्स्यपेटीसाठी तयार केलेले सागरी मीठच वापरावे. लिटरला सुमारे 35 ग्रॅम क्षार असावेत. पाणी आटले की क्षार मागे राहतात, म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची.

रचना करताना खडक आधी थेट तळावर बसवावा, वाळू मागाहून पसरावी. वाळूवर ठेवलेला दगड बिळे करणाऱ्या माशांनी पोखरला की कोसळतो, आणि काच फुटली तर समुद्र दिवाणखान्यात येतो! खडकांची भिंत मागच्या काचेला चिकटवू नये. दोन असमान ढीग, मध्ये वाट आणि खाली कमानी ठेवाव्यात. खाजनाच्या मानशीतून पाणी जसे धावते, तसा प्रवाह प्रत्येक पोकळीतून फिरला पाहिजे. जेथे तो थांबतो तेथे घाण साचते आणि शेवाळ धरते.

शेवाळ हा शत्रू नव्हे, तो हिशेब आहे. आपण टाकलेले जादा अन्न आणि माशांची विष्ठा यांतून अमोनिया होतो. जीवाणू त्याचे नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. ते नायट्रेट आणि फॉस्फेट यांवर शेवाळ पोसते. नव्या पेटीत प्रथम तपकिरी थर येतो, पुढे हिरवे केस. घाबरून औषध ओतू नये. खाणे निम्म्यावर आणावे, दिवा आठ तासांवर ठेवावा, पेटी उन्हाच्या खिडकीपासून दूर असावी, आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलावे. शेताजवळच्या विहिरीच्या पाण्यात खताचे अंश असू शकतात. ते शुद्ध करूनच घ्यावे. केस हाताने उपटावेत, राहिलेले काम शंखांवर सोपवावे.

शेवाळ खाणाऱ्यांचे मोल जमैकाने जगाला दाखविले. मासेमारीने तेथील शेवाळखाऊ मासे आधीच घटले होते; भार उरला होता एका काळ्या समुद्री साळूवर. 1983-84 मध्ये रोगाने त्या साळू मेल्या आणि प्रवाळांवर शेवाळ पसरले. 1970 च्या दशकाअखेर 50 टक्क्यांहून अधिक असलेले प्रवाळाचे आच्छादन 1990 च्या दशकारंभी 5 टक्क्यांखाली आले. प्रवाळांवर इतरही आघात झाले, हे खरे. तथापि एकाच राखणदारावर विसंबलेली व्यवस्था किती कच्ची असते, ते तेथे दिसले. घरच्या पेटीतही एकाच जातीचे शंख न ठेवता दोन-तीन जातींचे ठेवावेत, आणि नको झालेले प्राणी शापोऱ्यात सोडू नयेत.

काही महिन्यांनी दगडावर गुलाबी-जांभळे कठीण ठिपके दिसू लागतील. तेही शेवाळच, पण चुन्याचे. पाणी स्थिर झाल्याची ती खूण. पुढच्या काचेवरचे हवे तर काढावे, दगडावरचे खरवडू नये.