वस्तऱ्याची दाढी
घडीचा वस्तरा, म्हणजे मुठीत मिटणारे लांब पाते, हे नाभिकाच्या धोकटीतले, अर्थात अवजारांच्या पिशवीतले, मुख्य हत्यार होय; संत सेना महाराजांनी याच धोकटीतल्या आरशाला विवेकाचे रूप दिले, इतकी ही कारागिरी आदरणीय आहे. केशकर्तनालयात वस्तऱ्यात नवे अर्धे ब्लेड बसवूनच दाढी व्हावी, कारण रक्तावाटे ‘ब’ प्रकारची कावीळ पसरू शकते.

घरी शिकणाऱ्याने धारेआधी पाण्याकडे लक्ष द्यावे: कोमट पाण्याने केस फुगून मऊ होतात आणि ब्रशने घोटलेला दाट फेस ती ओल टिकवतो. मग मोकळ्या हाताने त्वचा ताणून, पाते त्वचेशी सुमारे 30 अंशांत धरून, केसांच्या वाढीच्या दिशेने, अजिबात दाब न देता फिरवावे. गळ्यावर ही दिशा वारंवार बदलते, म्हणून ती आधी बोटांनी चाचपावी. हनुवटी मात्र हात स्थिरावल्यावरच हाती घ्यावी. अखंड पाते चामड्याच्या पट्ट्यावर परजताना बोथट पाठ पुढे आणि धार मागे ठेवतात, अन्यथा पट्टाच कापला जातो. शेवटी ओली तुरटी फिरवली की बारीक ओरखड्यांचे रक्त थांबते.