मदतीचे माप



उन्हाळ्याच्या संध्याकाळी व्याख्याने ऐकावयास जमण्याची आपली ही चाल जुनी आहे. पुण्यास न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमालेचा प्रारंभ केला. पुढच्याच वर्षी दख्खनवर दुष्काळ कोसळला, आणि जी मंडळी व्याख्याने योजीत होती तीच सार्वजनिक सभेच्या द्वारे गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडू लागली. ऐकणे आणि धावून जाणे ही तेव्हापासूनच एका घरची दोन कामे आहेत. म्हणून संयोजकांनी आपद्ग्रस्तांच्या साहाय्याचा विषय सुचविला, तेव्हा तो या व्यासपीठास परका वाटला नाही.

विषय मोठा आहे आणि वेळ थोडा आहे. तेव्हा मी एकच प्रश्न घेऊन उभा आहे. संकटात सापडलेल्या माणसास मदत द्यावी, याबद्दल आपणांत मतभेद नाही. परंतु ती किती द्यावी, कोणती द्यावी, आणि ते माप कोणाच्या हाती असावे? सारे भांडण या मापाचे आहे.

प्रथम आपल्याच अंगणात पाहू. आपल्या जिल्ह्याच्या शिवेपलीकडे, अकोला जिल्ह्यातील आडगावच्या मैदानावर, २९ नोव्हेंबर १८०३ रोजी नागपूरकर भोसल्यांच्या फौजेची आणि वेलस्लीच्या इंग्रज फौजेची लढाई झाली. शाळेत आपण कोण जिंकले आणि कोण हरले एवढे शिकलो. पण त्याच सुमारास, १८०३–०४ साली, दख्खनभर मोठा दुष्काळ होता. पावसाने दगा दिला हे खरे. परंतु लष्करांच्या घोड्यांनी खाल्लेली आणि पेंढाऱ्यांनी लुटलेली पिके हेही त्याचे तितकेच मोठे कारण होते. अस्मानी आणि सुलतानी हे शब्द आपल्या भाषेत जोडीने येतात ते उगाच नव्हे. कुणब्याच्या घरी त्या बहुधा हातात हात घालूनच आल्या. आज जगात जेथे जेथे उपासमार आहे, तेथेही बहुतेक ठिकाणी आभाळाबरोबर बंदुकीचा हात आढळतो.

त्यानंतरची मोठी आठवण १८९९–१९०० सालची. संवत् १९५६ चा म्हणून त्यास छपन्नचा दुष्काळ म्हणतात. वऱ्हाडची ही काळी, कापूस पिकविणारी जमीन. येथे दुष्काळ कसला पडतो, असा समज होता. तो समज त्या वर्षाने मोडला. १९०१ ची खानेसुमारी झाली तेव्हा आपल्या जिल्ह्यातील माणसे १८९१ पेक्षा कमी भरली. दहा वर्षांत लोकसंख्या वाढण्याऐवजी घटणे याचा अर्थ काय, हे मी वेगळे सांगावयास नको.

आता मापाची गोष्ट. १८७७ साली, त्या आधीच्या दुष्काळात, व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी सर रिचर्ड टेंपल यांना खर्चाला आळा घालण्यासाठी पाठविले. टेंपलसाहेबांनी हिशेब केला की, दुष्काळी कामावर राबणाऱ्या पुरुषास दिवसाकाठी एक पौंड धान्य आणि किरकोळ पैसा पुरेल. एक पौंड म्हणजे आपला अदमासे अर्धा शेर. खडी फोडणाऱ्या माणसाने अर्ध्या शेरावर दिवस काढावयाचा! मद्रासकडील आरोग्याधिकारी डॉक्टर कॉर्निश यांनी बजावले की, एवढ्यावर श्रम करणारे शरीर टिकत नाही. आणि मुंबई इलाख्यात तर नवल घडले. हाडांचे सापळे झालेल्या माणसांनी ते माप नाकारले आणि कामे सोडून दिली. सार्वजनिक सभा त्यांच्या पाठीशी उभी राहिली. उपाशी माणूस मिळेल ते मुकाट्याने घेतो, हा आपल्या मनातील समज त्या लोकांनी खोटा पाडला. पुढे १८८० साली फॅमिन कमिशनने अहवाल दिला आणि १८८३ साली दुष्काळसंहिता तयार झाली. ती उदार नव्हती. पण संकटात काय करावयाचे हे साहेबाच्या लहरीवर न ठेवता कागदावर आले, ही पहिली पायरी होय.

दुसरी पायरी आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी पाहिली आहे. १९७२ सालचा दुष्काळ! त्या वेळी आलेली तांबडी परदेशी मिलो ज्वारी ज्यांनी खाल्ली आणि शाळेत सुकडी ज्यांच्या ओंजळीत पडली, असे कित्येकजण येथे बसले असतील. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. बांध, पाझर तलाव, रस्ते आणि खडी. हाल झाले, गुरे गेली. पण छपन्नच्या दुष्काळासारखी माणसे मेली नाहीत. हा फरक दैवाने केला नाही, व्यवस्थेने केला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यातील विसापूर येथे रोजगार हमीचा प्रयोग करून पाहिला होता. दुष्काळाने ती कल्पना राज्यभर नेली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. जो काम मागेल त्यास काम, आणि ते न दिल्यास भत्ता. भीक मागणारा हात आणि काम मागणारा हात हे दोन्ही पुढेच येतात. पण एकाचा तळवा याचना करतो आणि दुसरा हक्क सांगतो.

आता शहरकऱ्यांनी कान द्यावा. या हमीसाठी पैसा कोठून आला? १९७५ साली राज्याने व्यवसाय कर बसविला, तो मुख्यतः याच कामासाठी. पगारपत्रकावर दरमहा कापलेली ती रक्कम पाहून आपण कपाळास आठ्या घातल्या असतील. मीही घातल्या. पण तिच्या मुळाशी असा करार होता की, गावातल्या दुष्काळाचा भार गावाने एकट्याने वाहू नये. कापूस ज्याने पिकविला त्याच्या वाईट वर्षी, सदरा ज्याने घातला त्याने थोडा वाटा उचलावा. यात दानधर्म नाही, हा देण्याघेण्याचा हिशेब आहे.

युद्धाच्या बाबतीत हीच पायरी जगाने कशी चढली ते पाहा. २४ जून १८५९ रोजी इटलीत सोल्फेरिनो येथे लढाई झाली. हेन्री ड्युनां हा जिनिव्हाचा व्यापारी आपल्या धंद्याच्या कामासाठी तिकडे गेला होता. त्याने हजारो जखमी निराधार पडलेले पाहिले, आणि हेही पाहिले की, जवळच्या कास्तिल्योने गावच्या बायका आपला कोण आणि शत्रूचा कोण हे न विचारता सर्वांना पाणी पाजीत आहेत, जखमा बांधीत आहेत. त्या गावठी माणुसकीतून १८६३ साली रेडक्रॉस उभी राहिली आणि १८६४ साली जिनिव्हाचा करार झाला. पहिला मदतनीस शेजारी होता. कायदा त्याच्या मागून आला.

आपल्या मराठी मुलखानेही हे केलेले आहे. दुसऱ्या महायुद्धात घरदार उध्वस्त झालेल्या सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांना, त्यांत बहुतेक बायका आणि मुले, कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ पासून १९४८ पर्यंत आसरा मिळाला. त्याच काळात, १९४७–४८ साली, रझाकारांच्या जुलमास कंटाळून निजामी राज्यातील कित्येक कुटुंबे सरहद्द ओलांडून इकडे आली. आपल्या जिल्ह्याची दक्षिणेकडील शीव म्हणजे तेव्हा निजामी राज्याची शीव. ज्यांच्या ओसरीवर तेव्हा परकी माणसे टेकली, त्यांनी काही जिनिव्हाचा करार वाचला नव्हता.

परंतु मायेच्या मदतीतही माप चुकते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी, किल्लारीस भूकंप झाला. जवळजवळ ८,००० माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. सारा देश धावला. भारतीय जैन संघटनेने तेथील सुमारे १,२०० मुले पुण्याजवळ वाघोलीस शिक्षणासाठी नेली, हे काम वर्षानुवर्षांचे होते. ५२ गावे नव्या जागी वसविली गेली, घरे भक्कम झाली. पण रुंद रस्त्यांच्या आखीव गावांत जुनी आळी विस्कटली आणि शेते लांब पडली. घर बांधणारा इंजिनीअर भिंत मोजतो. ओसरीवर बसणारी शेजारीण त्याच्या मापात बसत नाही.

आणि आता माझी स्वतःची चूक सांगतो. २२ जुलै २०२३ रोजी जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत मुसळधार पाऊस होऊन सातपुड्यातून उतरणाऱ्या नद्यांनी गावे वेढली. आम्ही काही मंडळींनी दोन दिवसांत जुने कपडे गोळा केले आणि गाडी भरून राजूर घाट उतरलो. एका गावात गाठोडी सोडली. फोटो काढले, हेही कबूल करतो. एक म्हातारी बाजूला बसून होती. मी तिच्यापुढे लुगडे धरले. ती म्हणाली, “भाऊ, लुगडे तं लय झाले. चूल पेटवाले कोरडं सरपन नाही. नातवाचं दप्तर वाहून गेलं, ते कोनी पुसलं नाही. अन् वावराची माती गेली, ते तुमी कोन्या गाठोड्यात आनली?”

मजजवळ उत्तर नव्हते. घाट चढून येताना गाडी रिकामी होती आणि मन जड. पुढच्या खेपेस आम्ही काही न नेता गेलो, फक्त वही नेली. घरोघर विचारले. कोणास वह्या-पुस्तके हवी होती, कोणास गाळाने भरलेली विहीर उपसावयास पंप. आणि सर्वांत अधिक मागणी होती ती लिहिता येणाऱ्या माणसाची! पंचनाम्यात खरडलेली जमीन नोंदली गेली की नाही हे पाहावयाचे, भिजलेल्या कागदांच्या नकला काढावयाच्या, अर्ज लिहावयाचे. आम्हांत दोन निवृत्त शिक्षक आणि एक निवृत्त कारकून होते. आयुष्यभर कागद काळे केल्याचे सार्थक त्या आठ दिवसांत झाले, असे ते म्हणतात.

मित्रहो, संकट येण्यापूर्वीची मदत ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी फोटोंची मदत होय. २०१८ साली आपल्या जिल्ह्यात शासन आणि भारतीय जैन संघटना यांनी मिळून तलावांतील गाळ काढण्याचे मोठे काम केले. संघटनेने यंत्रे दिली, शासनाने इंधन दिले आणि गाळ शेतकऱ्यांनी स्वखर्चाने आपल्या वावरात नेला. तिघांचा वाटा, म्हणून तिघांचा मान. घाटावर पाणी अडले तर दुष्काळाची धार बोथट होते. घाटाखाली नदीचे पात्र मोकळे राहिले तर पुराची. खारपाणपट्ट्यातील गावांना पूर ओसरल्यावरही पिण्याच्या गोड्या पाण्याची पंचाईत असते. ज्यास हे ठाऊक नाही, तो तेथे प्रथम कपडे नेतो.

तेव्हा या सभेकडे माझे मागणे लहान आहे. पावसाळ्यास अजून अवकाश आहे. या गावात एक यादी करावी. ट्रॅक्टर कोणाकडे, पंप कोणाकडे, पोहता कोणास येते, डॉक्टर कोण, अर्ज कोण लिहील. आणि घाटाखालच्या चार गावांतील चार जाणत्या माणसांची नावे त्या यादीत असावीत, म्हणजे वेळ येताच आपण त्यांना विचारू की काय हवे. देणाऱ्याने आपले माप घरी ठेवून जावे आणि घेणाऱ्याच्या मापाने मोजावे, एवढेच मी त्या म्हातारीकडून शिकलो.

यादीची वही मी बरोबर आणली आहे. ती दाराशी ठेवतो.