मुक्या सोबत्यांचा प्रवास



पाळीव प्राण्याला घेऊन प्रवासाला निघायचे तर काय तयारी करावी, यावर बोला, असा निरोप मला आला, तेव्हा क्षणभर वाटले की पुण्या-मुंबईच्या एखाद्या माणसाला द्यायचा विषय चुकून माझ्याकडे आला. डोळ्यांसमोर आला तो मोटारीच्या खिडकीतून तोंड काढून वारा पिणारा पांढराशुभ्र कुत्रा. मग माझे मलाच हसू आले. जनावरे बरोबर घेऊन दरवर्षी शेकडो किलोमीटर जाणारी आणि पाच-सहा महिन्यांनी परतणारी माणसे आपल्या जिल्ह्यात गावोगाव आहेत. प्रवासाच्या सोयीसुविधांवर त्यांना कुणी बोलायला बोलावत नाही, एवढेच.

दसरा झाला की आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, केज, धारूर, वडवणी या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कुणी सातारा-सांगलीला, कुणी कोल्हापूरला, कुणी थेट कर्नाटकात. ट्रकमध्ये बैल असतात, शेळी असते, खुराड्यात चार कोंबड्या असतात आणि बहुतेक वेळा एक कुत्रेही असते. आता ट्रॅक्टर आले, ऊस तोडणारी यंत्रे आली, बैल कमी झाले. तरी ज्यांची टायरगाडी आहे त्यांचा सारा हंगाम त्या जोडीच्या आठ पायांवर उभा असतो. म्हणून या प्रवासाची तयारी पायांपासून सुरू होते.

हे मी ठामपणे सांगू शकतो, कारण माझे वडील नालबंद होते. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन पत्र्या. बैलाला आठ, जोडीला सोळा. पायांत दोर गुंफून बैल अलगद आडवा पाडायचा, कुणीतरी मान धरायची, खूर तासून सारखा करायचा, मग पत्री बसवून खिळे मारायचे. डांबरी सडकेवर दीड-दोन टन ऊस ओढायचा तर अनवाणी बैलाचे खूर किती दिवस टिकणार? या कामात अब्बांचा एक नियम होता. पत्री मारायची ती निघण्याच्या पंधरा दिवस आधी. खिळा चुकून खुराच्या जिवंत भागात शिरला तर बैल लगेच बोलत नाही. दोन-चार दिवसांनी लंगडतो. घरी असताना लंगडला तर खिळा काढता येतो, हळद-तेल लावता येते, दावणीला विश्रांती देता येते. कारखान्यावर पोहोचल्यावर लंगडला तर त्याला विश्रांती कोण देणार?

मी सहावी-सातवीत असेन. एक गाडीवान दिवस मावळताना बैल घेऊन आला. "चाचा, मुकादमानं आजच सांगितलं. रातच्याला ट्रक लागतोय. बैल अनवाणी कसे नेऊ?" अब्बा म्हणाले, "आज मारली तर काय झालंय ते उद्या कळायचं नाही." पण त्याने उचल घेतलेली होती, बायको-पोरे सामान बांधून वेशीवर बसलेली. अब्बांचे मन मोडले. कंदिलाच्या उजेडात त्यांनी सोळा पत्र्या मारल्या. कंदील माझ्या हातात होता.

उन्हाळ्यात तो परत आला तेव्हा दाव्याला एकच बैल होता. दुसऱ्याच्या पायात पू झाला, तो बसला तो उठलाच नाही. भाड्याचा बैल जुंपून त्याने हंगाम काढला आणि निम्मी उचल अंगावर घेऊन गावी आला. खिळाच लागला होता की वाटेत काटा मोडला होता, देव जाणे. तो माणूस अब्बांना एका शब्दाने बोलला नाही. पुढच्या वर्षी घटस्थापनेच्याही आधी नवी जोडी घेऊन दारात आला, चहा प्यायला. अब्बांनी त्याच्याकडून पैसे घेतले नाहीत. आणि पुढे ट्रक लागायच्या दिवशी त्यांनी कधी हत्यारांची पेटी उघडली नाही.

लसीचेही असेच आहे. लाळ-खुरकुताची लस टोचल्यावर जनावराच्या अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. निघायच्या आदल्या दिवशी लस टोचून घेणे म्हणजे पाऊस सुरू झाल्यावर छप्पर शाकारायला घेण्यासारखे आहे. कारखान्याच्या तळावर दहा तालुक्यांची जनावरे एकत्र येतात, एकाच हौदावर पाणी पितात. एकाच्या तोंडातली लाळ सगळ्यांना पुरते. २०२२ साली लंपी चर्मरोग आला तेव्हा शासनाला जनावरांच्या बाजारांवर आणि वाहतुकीवर निर्बंध घालावे लागले. ऐन हंगामाच्या तोंडावर बैल घेऊन निघायचे कसे, या काळजीत कितीतरी घरे होती. लस वेळेवर घेणे किती मोलाचे आहे, हे त्या वर्षी सगळ्यांना कळले.

आता ट्रकचे बघू. १९७८ सालचे जनावरांच्या वाहतुकीचे केंद्राचे नियम आहेत. एका ट्रकमध्ये सहापेक्षा जास्त गुरे नकोत, पाय घसरू नये म्हणून तळाशी काथ्याची चटई किंवा फळ्या हव्यात, सोबत माणूस हवा, जनावरांची तोंडे शक्यतो इंजिनाकडे हवीत, आणि गुरांबरोबर दुसरा माल नको. नियम चांगले आहेत. पण दुसरा माल नको म्हटले तर ऊसतोडीच्या घराने आपला संसार कशात न्यायचा? बैलांना वेगळा ट्रक आणि माणसांना वेगळा, हे ज्याला परवडेल तो ऊस तोडायला जाईल कशाला? तेव्हा जे आपल्या हातात आहे ते तरी करावे. तळाला पाचट किंवा वाळू अंथरावी. बैल चढवायला बांधाचा उंचवटा बघून फळी टेकवावी, मागून काठ्या मारत बसू नये. जोडीतले दोघे शेजारी उभे करावेत, जुवाला असतात त्याच बाजूंनी, डावा डावीकडे, उजवा उजवीकडे. ओळखीचा खांदा शेजारी असला की जनावर निवांत राहते. दावे फार लांब ठेवले तर पाय अडकतो, फार आखूड ठेवले तर मान आवळते. आणि भांड्यांची पोती बैलांच्या अंगावर येणार नाहीत अशी आडवी फळी बांधावी. बहुतेक प्रवास रात्रीचा असतो, तो बरा. ऊन नसते. मात्र मांजरसुंब्याहून पाटोदा, जामखेड, करमाळा करत टेंभुर्णीला निघालेल्या ट्रकने वाटेत थांबून जनावरांना पाणी दाखवलेच पाहिजे. ड्रायव्हरला हे निघतानाच सांगावे. चहासाठी तो थांबतोच.

निघण्यापूर्वी पोटभर चारू नये. गच्च भरलेल्या पोटाने जनावर धक्के खात उभे राहिले, वाटेत पडले, तर पोट फुगते. अर्धपोटी कडबा आणि पाणी पुरे. पाण्याची बादली घरचीच न्यावी. परक्या भांड्याला, परक्या पाण्याला जनावर तोंड लावत नाही, हे गुराखी पोरालाही ठाऊक असते. कडब्याच्या पाच-पन्नास पेंढ्या बरोबर असाव्यात, कारण तिकडे गेल्यावर खायला उसाचे वाढे. वाढे एकदम सुरू केले की शेण पातळ होते. शिवाय वाढ्यात ऑक्झॅलेट असते, ते शरीरातला कॅल्शियम बांधून टाकते. त्यासाठी वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडावी आणि पहिले आठ दिवस त्यात कडबा मिसळावा.

कागदांचे विसरू नका. पशुवैद्यकाचा दाखला, लसीची नोंद आणि कानातला बारा अंकी बिल्ला. विमा असेल तर त्या बिल्ल्यावाचून भरपाई मिळणे कठीण. २०१५ पासून राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे बैल भरलेला ट्रक रात्री दिसला की कधी पोलीस अडवतात, कधी पोलीस नसलेली माणसेही अडवतात. ट्रकवर बायका-पोरे बसलेली दिसत असूनही विचारपूस होते. आमच्या आडनावाचे ड्रायव्हर तर कागद दोनदा तपासल्याशिवाय गाडीला चावी लावत नाहीत. मुकादमाची चिठ्ठी, कारखान्याचे पत्र, जे असेल ते वरच्या खिशात असू द्यावे. वाटेत जनावराला काही झाले तर १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा नंबर पोरांना पाठ करून ठेवायला सांगा.

कुत्रा-मांजर घेऊन मोटारीने जाणाऱ्यांनाही यातले बरेच लागू आहे. मोटारीची सवय आधी जवळच्या फेऱ्यांनी लावा. खाणे-पाणी निघण्याच्या किमान दोन तास आधी द्या. पुढे पाणी उन्हाळ्यात दर चार तासांनी आणि हिवाळ्यात सहा तासांनी द्यावे, असे त्याच १९७८च्या नियमांत आहे. आणि कृपा करून बंद मोटारीत जनावर ठेवून जेवायला जाऊ नका. दहा-वीस मिनिटांत आतली भट्टी होते, काच बोटभर उघडी ठेवून भागत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या बीडलाही रेल्वे आली, म्हणून सांगतो. कुत्र्याला डब्यात शेजारी बसवायचे तर वातानुकूलित पहिल्या वर्गाचा पूर्ण कूपे आपल्या नावावर हवा. एरवी त्याची रवानगी गार्डाच्या डब्यातल्या पेटीत होते. आणि आमच्या लोकांनाही एक सांगायचे आहे. बकरी ईदच्या आधी चारही पाय बांधून मोटरसायकलवर आडवा टाकलेला बोकड दरवर्षी दिसतो. तहानलेल्या कुत्र्याला विहिरीतून जोड्यात पाणी काढून पाजणाऱ्या माणसाची गोष्ट ज्यांच्या घरी सांगतात, त्यांनी असे करावे का?

ऊसतोडीला जाणाऱ्यांपुढे सगळ्यात अवघड प्रश्न असतो कुत्र्याचा. तो कुणाच्या हिशेबात नसतो. ट्रकमध्ये जागा उरली तर तो जातो, नाहीतर म्हाताऱ्या माणसांबरोबर मागे राहतो. आमच्या शेजारच्या मावशींनी एका वर्षी कुत्रा सासूजवळ ठेवला. ट्रक निघाला तसा तो मागे धावत सुटला. मावशी वरून ओरडत होत्या, पण ट्रकच्या आवाजात ड्रायव्हरला काय ऐकू येणार? घाटात तो दिसेनासा झाला. तीन दिवसांनी वस्तीवर परतला तेव्हा तळपायांची कातडी सोललेली होती. अम्मीने त्याच्या पायांना तेल लावले. त्याने पुढचे पाच महिने मावशींच्या कुलूप लावलेल्या दारासमोर काढले.

दुसऱ्या वर्षी मावशींनी आधीपासून तयारी केली. श्रावणापासूनच त्या त्याला उभ्या बैलगाडीत चढवायच्या, भाकर गाडीतच टाकायच्या. पिसाळण्याची लस टोचून आणली. ट्रकमध्ये त्याची जागा बैलांपासून लांब, स्वतःच्या वाकळेपाशी ठेवली आणि गळ्याला साखळीऐवजी सुताचे मऊ दावे बांधले. तिकडे कोपी उभी राहिल्यावर आठ दिवस त्याला मोकळे सोडले नाही, कारण नव्या जागेचा वास नाकात बसण्याआधी सोडलेला कुत्रा घर शोधायला निघतो आणि रस्त्यावर मरतो. कारखान्यावरून मावशींनी पोस्टकार्ड लिहून घेतले होते. त्यात नवऱ्याची तब्येत, उसाचा टनाचा भाव, पोरीचा खोकला सगळे होते. कोपऱ्यात जागा उरली तिथे बारीक अक्षरांत एक ओळ अम्मीसाठी होती : मोत्या आज सोडला, कुठं गेला नाही, कोपीच्या दारातच पडलाय.