गाडी चढावर दम का टाकते?

(गणेशोत्सवातील सांस्कृतिक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मुलांची नाटिका आत्ताच संपली आणि आरतीला अजून अर्धा तास आहे. तेवढा वेळ काकांच्या हाती माईक द्यावा, असे आपल्या चिटणिसांनी ठरवलेले दिसते. विषय मात्र माझ्या जिव्हाळ्याचा दिला आहे. आपल्यातल्या काहींनी जुन्या गाड्या अजून हौसेने जपल्या आहेत. शिवाय डेहराडूनला राहायचे म्हणजे गावाकडून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मसुरी दाखवणे आलेच!

मी इंजिनिअर नाही, जन्म हिशेब खात्यात गेला. जे सांगतो ते मार खाऊन शिकलेले आहे.

१९९८ सालची गोष्ट. माझी गाडी कार्ब्युरेटरची, आठ वर्षे वापरलेली. साताऱ्याहून आई आली होती. राजपूर गेले, कुठाल गेट मागे पडले आणि पुढच्या चढावर गाडीचा जोरच गेला. पहिला गिअर टाकला, ॲक्सिलरेटर तळाला टेकवला, तरी खोकत खोकत ती ऐन वळणावर बंद पडली. हँडब्रेक पुरेना, गाडी इंचाइंचाने मागे सरकू लागली. मागे बस होती. आमच्या सौ.ने खाली उडी टाकून चाकामागे दगड घातला, म्हणून निभावले. आई मागच्या सीटवर रामरक्षा म्हणत होती.

कोणीतरी सांगितले, पेट्रोलची वाफ झाली आहे, पंपावर ओले फडके टाका. टाकले. वीस मिनिटांनी गाडी सुरू झाली! पाच-सहा किलोमीटरवर पुन्हा तेच. कोलूखेतहून परत फिरलो. आईची मसुरी राहिली.

गॅरेजमध्ये निदान झाले, "साहब, इंजन बैठ गया है।" कॉम्प्रेशन मोजण्याच्या भानगडीत कोणी पडले नाही. हेड उघडले, व्हॉल्व्ह घासले, रिंगा बदलल्या. बिल माझ्या महिन्याच्या पगाराच्या दीडपट. पुढच्या रविवारी एकटाच गाडी घेऊन गेलो, तर त्याच चढावर तीच तऱ्हा. तिथे एक टॅक्सीवाला थांबला. बॉनेटकडे त्याने पाहिलेही नाही. म्हणाला, "टंकी का ढक्कन खोलो।" उघडले, तर हुस्स करून हवा आत शिरली आणि गाडी लगेच सुरू झाली.

मूळचे झाकण हरवले म्हणून मी बाजारातून साधे झाकण आणून बसवले होते. त्याला हवा आत जायला भोक नव्हते. पेट्रोल बाहेर जाते तेवढी हवा टाकीत यायला हवी. ती आली नाही, की आत पोकळी तयार होते आणि पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. गावात चार किलोमीटर फिरताना हे जाणवत नाही. घाटात मात्र इंजिन सतत पोटभर पेट्रोल मागते. आणि ओल्या फडक्याचे म्हणाल, तर ते वाळेपर्यंत वीस मिनिटे गेली, तेवढ्यात झाकणाच्या फटीतून हवा हळूहळू आत आली. श्रेय फडक्याला मिळाले, आणि आम्ही फसलो तो तिथेच.

म्हणून इंजिन उघडण्याआधी लक्षण नीट बघा. इंजिनाचा आवाज चढतो, पण गाडी सरकत नाही आणि जळका वास येतो, तर क्लच प्लेट घसरते आहे. इंजिनाचा दोष नाही. एखादे चाक इतरांपेक्षा फार तापले असेल, तर तिथला ब्रेक धरून बसला आहे. आवाजही पडतो, गाडी गचके खाते, थोडे थांबल्यावर पुन्हा चालते, तर पेट्रोलच्या वाटेकडे वळा: झाकण, मग फिल्टर, मग पंप. अर्धवट तुंबलेला फिल्टर सपाटीवर कधी चुगली करत नाही. प्लग, पॉइंट आणि टायमिंगही स्वस्तातच तपासून होते.

आणि जोर कायमचाच कमी, सपाटीवरही, तर कॉम्प्रेशन मोजा. एखाद्या सिलिंडरचे कमी आले, तर त्यात चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजा. वाढले तर रिंगा, नाही वाढले तर बहुधा व्हॉल्व्ह. त्याआधी कोणी हेड उघडू म्हणाला, तर गाडी घेऊन घरी या.

थोडा जोर मात्र डोंगरच घेतो, त्याला इलाज नाही. डेहराडून सुमारे ६४० मीटरवर, मसुरी सुमारे २,००० मीटरवर. वर हवा विरळ. दर हजार फुटांना इंजिनाची ताकद साधारण ३ टक्के घटते, म्हणजे इथून वर जाईपर्यंत तेरा-चौदा टक्के गेली. कार्ब्युरेटरला हे कळत नाही, तो विरळ हवेतही पेट्रोल जास्तच सोडतो, म्हणून वर गेल्यावर काळा धूर दिसतो. इंजेक्शनच्या गाड्या हा हिशेब स्वतः करतात.

एक राहिले. चाकामागे दगड लावलात, तर निघताना तो उचलून कडेला टाका. रात्री स्कूटरवाला त्यावर आपटतो.

आई पुढच्या वर्षी पुन्हा आली. मॉल रोडवर तिने भाजलेले कणीस खाल्ले आणि परतताना विचारले, "ते झाकण लावलंस ना रे नीट?"

आरतीची घंटा झालीच. ज्यांना गाडी दाखवायची असेल त्यांनी रविवारी सकाळी मंडपामागे यावे. टाकीची किल्ली आठवणीने आणा.