उडी किती उंच?

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



गेल्या वर्षभरापासून दर शनिवारी शाळा सुटल्यावर मी आपल्या शाळेच्या संगणक कक्षात सहावी-सातवीच्या मुलांना गेम बनवायला शिकवतो. हे ग्रुपवर सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न आला, "अरे, पोरं आधीच मोबाइलवर पडीक असतात. त्यात तू आणखी गेमच शिकवतोस?" प्रश्न रास्त आहे. मला मिळालेल्या दहा मिनिटांत त्याचंच उत्तर देतो.

आम्ही वापरतो ते स्क्रॅच. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक यांच्या गटाने ते तयार केलं आणि २००७ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. फुकट आहे, आणि एकदा उतरवून घेतलं की इंटरनेट नसलं तरी चालतं. सूचना टाइप कराव्या लागत नाहीत. रंगीत ठोकळे माउसने ओढायचे आणि एकाखाली एक अडकवायचे. स्पेलिंग चुकेल ही भीती नाही, त्यामुळे मूल थेट विचारालाच लागतं.

मारिओ आठवतो ना? १९८५ सालचा 'सुपर मारिओ ब्रदर्स'. सुट्टीत टीव्हीला जोडून आपण किती दुपारी घालवल्या! धावायचं, उडी मारायची, फळीवर चढायचं. याला प्लॅटफॉर्म गेम म्हणतात. तसाच छोटा गेम आमची मुलं बनवतात.

स्क्रॅचचा पडदा ४८० रुंद आणि ३६० उंच. बरोबर मध्यावर शून्य. डावीकडे गेलात की उणे, खाली गेलात तरी उणे. म्हणजे सरांनी फळ्यावर काढलेले दोन अक्षच. आपल्याला ते नववीत भेटले. ही मुलं सहावीत मांजर कुठे उभं करायचं म्हणून ते वापरतात.

खरी गंमत उडीत आहे. पडद्यावर गुरुत्वाकर्षण नसतं. पात्र हवेत सोडलं तर तिथेच लटकतं. त्याला खाली आणायचं तर गुरुत्वाकर्षण आपणच बनवायला हवं. त्यासाठी 'वेग' नावाचा एक डबा करायचा आणि त्यात एक संख्या ठेवायची. मग 'सतत करा' या ठोकळ्यात चार सूचना. वेगातून १ वजा कर. पात्राची उंची वेगाइतकी बदल. जमिनीला टेकला असेल तर वेग शून्य कर आणि जमिनीच्या वर येईपर्यंत उचल. टेकलेला असताना वरचा बाण दाबला असेल तर वेग १२ कर. बस्स! सेकंदाला ३० वेळा हे चक्र फिरतं आणि पात्र खऱ्यासारखी उडी मारतं.

सातवीतल्या एका मुलीने पात्राच्या डोक्यापासून ७० पावलं उंचीवर एक नाणं टांगलं. उडी मारली, नाणं थोडक्यात हुकलं. पुन्हा मारली, पुन्हा हुकलं. मी काही बोललो नाही. तिने वही काढली आणि लिहू लागली: ११, १०, ९, ८... एकपर्यंत. बेरीज ६६. "काका, चार कमी पडतायत," म्हणाली. मग १२ च्या जागी १३ घातले. आता उडी ७८ झाली आणि नाणं मिळालं. ही अंकगणिती श्रेढी आहे, तिचं सूत्र दहावीत येईल. ते येईल तेव्हा ही मुलगी त्याला ओळखीच्या माणसासारखी भेटेल.

शेजारच्या मुलाला दुप्पट उंच उडी हवी होती, म्हणून त्याने १२ चे २४ केले. पात्र थेट वरच्या टोकाकडे सुटलं! दोघांनी मिळून बेरीज केली, तर २७६. दुप्पट वेगाला चौपटीहून जास्त उंची. विज्ञानाच्या बाईंनी शिकवलेलं वेगाच्या वर्गाचं गणित या दोघांनी स्वतःच्या हाताने शोधलं, तेही परीक्षेत येणार नाही हे माहीत असताना.

मग अडचणी येतात, त्या मला सर्वांत आवडतात. खालून उडी मारून फळीला डोकं लागलं की पात्र फळीतून आरपार वर खेचलं जातं. मुलं आधी हसतात, मग ठोकळे एकेक करून वाचतात. संगणक खोडी काढत नाही. 'टेकला की वर उचल' असं आपणच सांगितलं होतं आणि डोकं टेकलं तरी ते टेकणंच. मग नवी अट येते: वेग उणे असेल तर वर उचल, अधिक असेल तर खाली ढकल. "उणे संख्येचा उपयोग काय?" असं त्या खोलीत आता कुणी विचारत नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी कोडिंगचा उल्लेख आहे. पण धोरण आलं म्हणून वर्गात माणूस उभा राहत नाही. आपल्या कक्षात चालू स्थितीतले संगणक नऊ आहेत आणि येणारी मुलं चाळीस. एका संगणकाभोवती चार-पाच जण बसतात. माउस एकाच्या हातात, बाकीचे मान उंचावून बघतात. मुली बहुधा मागे राहतात. मी एकटा असताना हे मला दिसतं, पण प्रत्येक टेबलापाशी पोचता येत नाही.

म्हणून मागणं पैशांचं नाही. महिन्यातला एक शनिवार द्या, दोन तास. संगणकातलं काही येत नसलं तरी चालेल. मुलाला "तुला काय वाटतं, असं का झालं?" एवढं विचारता आलं पाहिजे आणि उत्तर सांगण्याचा मोह आवरता आला पाहिजे. आपल्या सरांनी आणि बाईंनी आपल्यासाठी नेमकं हेच केलं. ते आज समोर बसले आहेत, हवं तर त्यांनाच विचारून या.

जेवणाच्या मंडपाशी वही ठेवली आहे. नाव आणि जमणारा शनिवार लिहा. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या शनिवारपासून सुरू करू.