झाकलेले दुखणे
(मिशनच्या मदतनीसांच्या वसईतील सभेत केलेले भाषण)



आजचा विषय आपण घरातही काढत नाही. वसई-विरारच्या पूर्वेकडील पाड्यांवर मला असे पुरुष भेटतात, जे अंडकोषाची सूज वर्षानुवर्षे लपवतात. लावणीला वाकवत नाही, वीटभट्टीवर ओझे उचलवत नाही. तरी लाजेपोटी गप्प राहतात.

ही बहुधा अंडवृद्धी असते. वृषणाभोवती पाणी साचते. डासांमुळे पसरणारा हत्तीरोग हे तिचे एक कारण, आणि आपला पालघर जिल्हा हत्तीरोगाच्या जिल्ह्यांपैकी आहे. हा शाप नाही की पापाची शिक्षा नाही. सरकारी मोहिमेतल्या गोळ्या जरूर घ्याव्यात. त्या रोगाचा प्रसार रोखतात. मात्र वाढलेली सूज शस्त्रक्रियेनेच जाते.

वृषणांत पुरुषबीज आणि पुरुषी हार्मोन तयार होतात. म्हणून तीन गोष्टी घरोघरी सांगा. अचानक तीव्र वेदना झाल्यास वृषणाला पीळ पडलेला असू शकतो. सहा तासांच्या आत रुग्णालय गाठा. न दुखणारी कठीण गाठ लागल्यास डॉक्टरांना दाखवा. बाळाचे वृषण सहा महिन्यांपर्यंत खाली उतरले नाही, तरीही दाखवा.

शरीराच्या झाकलेल्या अवयवांना आपण अधिक मान देतो, असे पौल करिंथकरांस सांगतो. तो मान आपण कृतीतून देऊ या. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे जड काम बंद असते, मजुरी बुडते. तेवढ्या दिवसांचे धान्य त्या घरी पोहोचवू या. आणि रुग्णालयात जाताना त्याच्यासोबत आपल्यापैकी एकाने जावे.